टीका आणि द्वेष : जुन्नर-आंबेगावच्या इतिहासातील तीन धडे



'टीका' हा शब्द मुळात वाईट अर्थाचा नाही. एखाद्या ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या विवरणालाही आपल्याकडे टीकाच म्हणतात. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका होय, हे मराठीच्या तासाला आपण शिकलेले असतो. टीका करणे म्हणजे एखादी गोष्ट नीट पाहणे, तिच्यातील खरे-खोटे व बरे-वाईट वेगळे करून सांगणे. द्वेषाचे तसे नाही. द्वेष करणाऱ्याला पाहण्याची गरजच वाटत नाही, कारण त्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

हे दोन शब्द इतके दूरचे असूनही व्यवहारात आपण ते सर्रास एक करून टाकतो. गावच्या सोसायटीच्या सभेत कोणी हिशेब विचारला की तो चेअरमनचा वैरी ठरतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवार उभे राहिले की दोन घरांचे लग्नकार्याला जाणे-येणे थांबते. एखाद्या संस्थेच्या कारभारातील उणीव दाखवणाऱ्याला "तुम्हांला संस्था बुडवायची आहे काय?" असे विचारले जाते. याउलट ज्याच्या मनात खरोखरीच द्वेष आहे, तो मोठ्या शहाजोगपणे म्हणतो, "मी तर फक्त टीका करतो आहे." या घोटाळ्यामुळे दुहेरी नुकसान होते. प्रामाणिक टीकाकार गप्प बसतो आणि द्वेष करणाऱ्याला सभ्यतेचा अंगरखा मिळतो. ज्या समाजाला शिक्षणाच्या जोरावर पुढे यायचे आहे, त्याला हे नुकसान परवडणारे नाही.

हा फरक समजून घेण्यासाठी लांबच्या देशांचे दाखले शोधत फिरण्याची आवश्यकता नाही. आपल्याच जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासात त्याचे तीन उत्तम धडे आहेत. पहिला राजेरजवाड्यांच्या काळातला, दुसरा समाजसुधारणेच्या चळवळीतला आणि तिसरा स्वातंत्र्यलढ्यातला. ते क्रमाने पाहू.

१. जुन्नरचा वजीर आणि आग्ऱ्याचा बादशहा

इ. स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला आणि निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. ती संपू दिली नाही मलिक अंबर या हबशी सरदाराने. आफ्रिकेतील हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया, ही त्याची जन्मभूमी. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजूने हिंडत दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी राहिला. चंगेजखान स्वतःही हबशीच होता. पुढे याच अंबरने निजामशाही घराण्यातील एका तरुण राजपुत्राला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून परांड्यास गादीवर बसवले आणि १६०७ च्या सुमारास राजधानी आपल्या जुन्नरला आणली. पुढे ती दौलताबादकडे गेली. म्हणजे शिवनेरीच्या पायथ्याचे, कुकडीकाठचे हे आपले गाव काही काळ एका राज्याची राजधानी होते, आणि त्या राज्याची सूत्रे एकेकाळच्या एका गुलामाच्या हाती होती.

मलिक अंबरच्या कर्तबगारीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत पुणे प्रांतात त्याच्यानंतरही बराच काळ नावाजली गेली. त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराळ मुलखात चपळ घोडेस्वारांनी मोठ्या फौजेला हैराण करण्याचे बारगीगिरीचे तंत्र त्याने पद्धतशीर वापरले. मराठे सरदार त्याच्या फौजेत होते आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

आता त्याच्या शत्रूकडे वळू. बादशहा जहांगीर १६०५ मध्ये तख्तावर आला आणि १६२७ मध्ये वारला. या जवळजवळ सर्व काळात दख्खनच्या वाटेवर त्याला अंबर आडवा उभा होता. बादशहाला त्याच्यावर राजकीय टीका करण्यास भरपूर जागा होती. अंबरने राजाला नामधारी ठेवून सर्व सत्ता आपल्या हाती घेतली होती. मोगलांशी केलेले तह तो संधी मिळताच मोडीत असे. त्याच्या बारगीगिरीत शेतकऱ्यांची उभी पिके तुडवली जात. हे आक्षेप कडक आहेत, पण ते त्याच्या वागणुकीवर आहेत आणि त्यांचा खरेखोटेपणा तपासता येतो.

जहांगीरने मात्र वेगळी वाट धरली. आपल्या आत्मचरित्रात तो अंबरचे नाव बहुधा साधे लिहीतच नाही. त्याला काळतोंड्या म्हणतो, अभागी, दुर्दैवी अशी विशेषणे लावतो. १६१६ च्या सुमारास दरबारातील नामांकित चित्रकार अबुल हसन याने काढलेले एक चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन येथे चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. चित्रात पृथ्वीच्या गोलावर जहांगीर उभा आहे. समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचे तोडलेले शिर आहे आणि बादशहा त्याला बाण मारीत आहे. शिराजवळ घुबडही दाखवले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या चित्रातील गोष्ट कधीच घडली नाही. बादशहा आणि अंबर रणांगणात समोरासमोर आले नाहीत. अंबरचे शिर कोणी कापले नाही. १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, तो आपल्या अधिकारावर असतानाच वारला आणि खुलदाबादला त्याचे दफन झाले. जे रणात साधले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले. द्वेषाचे पहिले लक्षण येथे दिसते. तो आपल्या माणसाला खोट्यावर समाधान मानायला शिकवतो. दुसरे लक्षण असे की, त्याचा रोख कृत्यावरून घसरून कातडीच्या रंगावर आणि जन्मावर जातो. तह मोडणे हा अंबरचा दोष म्हणता येईल. काळा जन्मणे हा कोणाचाच दोष नव्हे. आणि हेही ध्यानात घ्या, की बादशहा आणि अंबर या दोघांचा धर्म एकच होता. तेव्हा द्वेषाला परका धर्मच लागतो असे नाही. त्याला निमित्त पुरते, आणि ते नसेल तर तो निर्माण करतो.

या द्वेषाचा राजकारणाला काही उपयोग झाला काय? मुळीच नाही. शहाजादा खुर्रम, म्हणजेच पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून उठला, तेव्हा त्याने मदतीसाठी हात पुढे केला तो याच अंबरकडे. बापाने ज्याचे शिर चित्रात भाल्यावर लावले होते, त्याच्या फौजेबरोबर मुलाने बुऱ्हाणपूरला वेढा घातला. राजकारणात कालचा शत्रू उद्याचा सोबती होऊ शकतो. द्वेष करणाऱ्याला हे दिसत नाही.

मात्र त्याच दरबारात दुसरी एक लेखणी होती. मोतमदखान हा जहांगीरचा विश्वासू सेवक. बादशहाची तब्येत खालावल्यावर त्याचे आत्मचरित्र पुढे लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले आणि नंतर त्याने 'इकबालनामा-इ-जहांगिरी' हा इतिहास लिहिला. मलिक अंबर हा त्याच्याही धन्याचा हाडवैरी होता. तथापि अंबरच्या मृत्यूची नोंद करताना मोतमदखानाने लिहिले ते थोडक्यात असे : युद्धात, सेनापतित्वात, विचारीपणात आणि राज्यकारभारात या माणसाला जोड नव्हती, त्याने मुलखातील दांडगाई मोडून काढली, अखेरपर्यंत आपले स्थान राखून तो सन्मानाने गेला, आणि एका हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही.

मोतमदखान मोगलांचा पक्ष सोडून गेला होता काय? नाही. अंबर विरोधी पक्षातील होता हे तो विसरला होता काय? तेही नाही. मोगलांच्याच बाजूने उभा राहून त्याने शत्रूचे खरे माप घेतले. आज मलिक अंबरवर लिहिणारा प्रत्येक इतिहासकार मोतमदखानाच्या त्या ओळींचा आधार घेतो. बादशहाच्या शिव्यांनी अंबरविषयी काहीच कळत नाही, कळते ते बादशहाविषयी.

आता आपणही जहांगीरशी असेच वागू नये, हे ओघाने आलेच. हाच बादशहा पशुपक्ष्यांचा बारकाईने अभ्यास करणारा, चित्रकलेचा मोठा जाणकार आणि स्वतःच्या दारूच्या व्यसनाची कबुली आपल्याच हाताने लिहिणारा होता. त्याच्या एका दोषावर बोट ठेवताना बाकीचा माणूस पुसून टाकणे म्हणजे त्याचीच चूक आपण पुन्हा करणे होय.

२. ओतूरचा वाद आणि जोतीराव फुले

दुसऱ्या धड्यासाठी अडीचशे वर्षे पुढे, परंतु त्याच जुन्नर तालुक्यात यावे लागते. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. सत्यशोधक विचार जुन्नर तालुक्यात लवकर रुजला. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्नकार्य भटजींना न बोलावता केले. ग्रामजोशांनी आपला दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि ते प्रकरण थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले. प्रश्न हक्काचा होता आणि तो कोर्टात, कागदावर, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून सोडविण्यासाठी गेला, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट.

जोतीरावांची टीका सौम्य नव्हती. ती कडक आणि कित्येकदा बोचरी आहे. तिचा मार कधी कधी साऱ्या जातीलाच बसतो, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. मग तो द्वेष होता काय? याचे उत्तर त्यांच्या आचरणात पाहावे लागते.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घराजवळ बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना तेथे गुपचूप बाळंत होता यावे आणि मुलांचे जीव वाचावेत, हा हेतू. त्या काळात विधवाविवाहाची बंदी सर्वात कडक होती ती ब्राह्मण समाजात, त्यामुळे या घराचा आधार प्रामुख्याने ब्राह्मण विधवांनाच झाला. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ मध्ये या दांपत्याने दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली आणि त्यातच त्या गेल्या. त्या वेळी डॉ. यशवंत याच कामात त्यांच्यासोबत होते. ज्या जातीच्या वर्चस्वावर जोतीरावांनी जन्मभर आसूड ओढला, त्या जातीच्या पोटचे मूल त्यांनी आपले म्हणून वाढवले. द्वेष करणाऱ्या माणसाला हे साधत नाही.

आणखी एक प्रसंग १८८२ चा. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे नुकतीच सुरू झाली होती. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर या पत्रांनी घणाघाती टीका केली. टीकेला आधार होता काही पत्रांचा, आणि ती पत्रे पुढे बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पुरावा न पारखता केलेली टीका, हेतू चांगला असला तरी, कशी अंगाशी येते याचा हा नमुना आहे.

या खटल्याच्या वेळी टिळक-आगरकरांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. जोतीरावांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकडून त्याची व्यवस्था करविली. पुण्याच्या या तरुण संपादकांची आणि सत्यशोधकांची अनेक बाबतींत मते जुळत नव्हती आणि ती पुढेही जुळली नाहीत. सत्तेविरुद्ध लिहिणाऱ्या संपादकाला एकटे पडू द्यायचे नाही, एवढे जोतीरावांनी पाहिले. आपल्या विरोधकाचा बोलण्याचा हक्क शाबूत राहावा असे ज्याला मनापासून वाटते, त्याची टीका कितीही तिखट असो, ती विषारी नसते.

३. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू

तिसरा धडा आंबेगाव तालुक्याचा. महाळुंगे पडवळ या गावी १९०८ मध्ये एका गरीब शेतकऱ्याच्या घरी बाबू गेनू सैद यांचा जन्म झाला. पोट भरण्यासाठी ते मुंबईस गेले आणि गिरणीत कामाला लागले. १९३० च्या सविनय कायदेभंगात ते काँग्रेसचे स्वयंसेवक झाले. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवण्यासाठी ते रस्त्यात आडवे झाले. ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्या लढ्याची शिस्त नीट समजून घ्या. इंग्रजी राज्यावर याहून कडक टीका कोणती असणार? तथापि स्वयंसेवकाने दगड उचलावयाचा नव्हता, ड्रायव्हरला मारावयाचे नव्हते आणि व्यापाऱ्याच्या घरादाराला हात लावावयाचा नव्हता. अडवायचे ते कापड. विरोध त्या व्यापाराला, ज्याने येथील विणकराचा माग बंद पाडला, आणि तो चालवणाऱ्या राज्याला.

विरोध वस्तूला आणि धोरणाला असेल, तर समोरचा माणूस आपले म्हणणे ऐकून घेऊ शकतो. पुढच्याच वर्षी त्याचा प्रत्यय आला. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले महात्मा गांधी मुद्दाम लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या भागात गेले. भारतातील बहिष्काराची झळ तेथील कामगारांना बसली होती. कित्येकांचा रोजगार गेला होता. त्यांनी गांधीजींना शिव्या दिल्या असत्या तर नवल नव्हते. गांधीजींनी त्यांच्या दुःखाबद्दल सहानुभूती दाखवली, पण बहिष्कार मागे घेण्याचे गोड आश्वासन दिले नाही. भारतातील दारिद्र्य किती खोल आहे ते त्यांना समजावून सांगितले. गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून आनंदाने जयघोष केला. त्या प्रसंगाचे छायाचित्र जगभर गाजले. महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार ज्या कापडासाठी मेला, ते कापड विणणाऱ्यांनी त्याच्या नेत्याचे असे स्वागत केले. ते का, तर त्यांना कळले होते की या माणसाचे भांडण आपल्याशी नाही.

ओळखावे कसे?

या तिन्ही धड्यांतून काही साध्या कसोट्या निघतात. त्या पालकांनी घरात आणि विद्यार्थ्यांनी वादविवाद स्पर्धेत वापरून पाहाव्यात.

पहिली कसोटी : आपण समोरच्याने काय केले हे सांगतो, की तो कोण आहे हे सांगतो? 'त्याने तह मोडला' ही टीका झाली. 'तो काळा आहे' हा द्वेष झाला.

दुसरी : आपल्याजवळ पुरावा आहे काय, आणि तो खोटा ठरला तर शब्द मागे घेण्याची आपली तयारी आहे काय? हल्ली मोबाइलवर येणारा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी १८८२ ची ती बनावट पत्रे आठवावीत.

तिसरी : विरोधकाची एखादी चांगली गोष्ट आपल्या तोंडून निघते काय? मोतमदखानाच्या लेखणीतून ती निघाली, बादशहाच्या लेखणीतून निघाली नाही.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची : आपला राग त्या माणसापाशी थांबतो, की त्याच्या घरादाराकडे, जातीकडे, धर्माकडे पसरतो?

या चौथ्या कसोटीबद्दल आपल्या समाजातील पालकांना दोन शब्द मुद्दाम सांगावेसे वाटतात. इतिहासाच्या तासाला एखाद्या सुलतानावर किंवा बादशहावर कठोर टीका ऐकली की आपली मुले कधी कधी हिरमुसली होऊन घरी येतात. त्यांना सांगा की ते राजे आपले वकीलपत्र घेऊन राज्य करीत नव्हते आणि आपणही त्यांचे वकीलपत्र घेण्याचे कारण नाही. राजाने जुलूम केला असेल तर त्याला जुलूम म्हणावे. तो मुसलमान होता म्हणून झाकू नये. मात्र त्या राजाचा हिशेब आज वर्गात बसलेल्या मुलाकडे कोणी मागू लागला, तर ती इतिहासाची टीका राहत नाही, तो उघड द्वेष होय, आणि तसे शांतपणे पण स्पष्ट सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाचा राग शेजारच्या घरावर काढता कामा नये. दुश्मनी असली तरी इन्साफ सोडू नये, ही शिकवण आपल्या मुलांना लहानपणीच मिळते. ती घराच्या उंबऱ्याबाहेरही पाळली जावी.

आणि अखेरची गोष्ट आपल्या आपल्यातली. सभेत प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला बसवू नका. शाळेचा निकाल का घसरला, निधी कोठे खर्च झाला, मुलींची शाळा मध्येच का सुटते, हे प्रश्न कडक शब्दांत विचारले गेले तरी ते ऐकून घ्या. असे प्रश्न विचारणारा समाजाचा वैरी नसतो. ज्या दिवशी आपल्या सभांतून सर्वांत कठोर प्रश्न विचारले जातील आणि सभा संपल्यावर तीच मंडळी एका पंक्तीला जेवायला बसतील, त्या दिवशी तालीम खऱ्या अर्थाने आपल्या घरी पोहोचली असे समजावे.